राजीनाम्याआधीचा निरोप समारंभ

ती. वहिनींच्या पायाशी धाकट्या दिराचा नमस्कार. (लांबूनच मानून घ्यावा. जवळ असतो तरी हल्ली वाकलं की उठताना हात भिंत शोधतो.)

पत्र लिहायला कारण आहे, पण ते शेवटी सांगेन. आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करतो. मागच्या पत्रात तुम्ही गुडघ्यांवर दोन ओळी आणि स्वयंपाकघरातल्या गळक्या नळावर दोन पानं लिहिली होतीत, त्यावरून गुडघे बरे असावेत आणि नळ अत्यवस्थ असावा असा मी अंदाज केला. नळाखाली पातेलं ठेवू नका, फडकं बांधा. पातेल्यात थेंब वाजतात आणि झोप येत नाही. इकडे आम्ही तिघं ठीक आहोत, म्हणजे एकमेकांबद्दल तक्रार करण्याइतकी ताकद तिघांतही आहे. तुमच्या जावेचं डोकं अधूनमधून दुखतं. ते माझ्यामुळे दुखतं असं तिचं ठाम मत असल्यामुळे ती औषध घेत नाही, नुसती माझ्याकडे बघते. तुमची पुतणी तुमच्याएवढी उंच झाली आहे आणि आवाजही तुमचाच उचलला आहे. माझी तब्येत उत्तम. (जिने चढताना किंचित दम लागतो. वय.)

आता मुद्द्याचं. वहिनी, मला सध्या दोन नोकऱ्या झाल्या आहेत. एक मी करतो ती आणि एक मला बोलावते ती. करतो ती तुम्हाला ठाऊकच आहे: सरकारी लिफ्ट तपासनीस. पगार बेताचा, बढती माझ्या स्वप्नातसुद्धा दुसऱ्याच कुणाला मिळते, पण शेवटी पेन्शन, आणि माझ्या शेवटानंतर तुमच्या जावेला निम्मी पेन्शन. दुसरी नोकरी एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत. पगार जवळजवळ दुप्पट, बसायला फिरती खुर्ची, न्यायला-आणायला गाडी. पेन्शन नाही. मी मध्येच मेलो तर माझ्या माणसांना काय मिळेल असं मी मालकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, असं अभद्र कशाला बोलता. म्हणजे काही मिळणार नाही. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते सांगायचं आहे. जगणार असेन तर कंपनी चांगली आणि मरणार असेन तर सरकार चांगलं, एवढा सरळ हिशेब आहे. त्यात फक्त एकच गोष्ट कळायला हवी आणि नेमकी तीच कुणी लेखी देत नाही.

आमच्या कचेरीची थोडी माहिती तुम्हाला असायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. कचेरी चौथ्या मजल्यावर आहे. इमारतीत लिफ्ट आहे. ती बंद आहे, कारण ती मीच बंद केली आहे. दुसऱ्या मजल्यावरचं दार लिफ्ट तिथे नसतानाही उघडतं; ओढलं की उघडतं आणि समोर नुसता अंधार. दार उघडलं की माणूस सवयीने पाय आत टाकतो, खाली बघत नाही, हे एवढं एकच शहाणपण या नोकरीने मला शिकवलं. तेव्हा मी तिला सील ठोकलं, अहवाल लिहिला आणि दुरुस्तीला मंजुरी मागितली. मंजुरी द्यायची आमच्याच साहेबांनी. पण लिफ्ट तपासणाऱ्या कचेरीचीच लिफ्ट नापास आहे असं वर कळवलं तर वरचे लोक काय म्हणतील या काळजीने साहेब मंजुरी देत नाहीत, आणि सील काढा असंही म्हणत नाहीत, कारण तेही लेखी द्यावं लागेल. म्हणून सगळी कचेरी रोज जिने चढते आणि दर मजल्यावर माझी आठवण काढते. आमचे हेडक्लार्क (देहाने मोठे, मनाने त्याहून मोठे, दर जिन्याच्या वळणावर थांबून खिडकीतला देखावा बघण्याचं नाटक करणारे) मला कितीदा तरी म्हणाले, की अहो, सील तुमचं, हात तुमचा, एकदा जरा विसराळूपणा दाखवा की. मला ते जमत नाही. त्या दारातून कुणी खाली गेलं तर तो माणूस रोज माझ्या ताटासमोर येऊन बसेल. अलीकडे दुसऱ्या मजल्यावर थांबून मीही देखावा बघतो. (देखावा म्हणजे समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप. पण वेळ जातो.)

माझी आणखी एक खोड या प्रकरणात महत्त्वाची आहे. प्रत्येक लिफ्टमध्ये धोक्याची घंटा असते. बाकीचे तपासनीस ती दाबतात, वाजली की कागदावर बरोबरची खूण करतात आणि चहाला जातात. मी दार लावून आत उभा राहतो, घंटा दाबतो आणि कुणी येतं का त्याची वाट बघतो. नियमात तसं कुठे लिहिलेलं नाही. पण घंटा नुसती वाजण्यासाठी नसते, कुणीतरी यावं म्हणून असते, असं माझं आपलं मत. वहिनी, कुणी येत नाही. एका इमारतीत रखवालदाराने आवाजाचा त्रास होतो म्हणून घंटेवर पोतं टाकलं. एका ठिकाणी बाहेर पावलं वाजली, मी सावरून उभा राहिलो, तर एका बाईंनी लिफ्टच्या दारावर थाप मारून बजावलं की आमच्याकडे माणसं झोपली आहेत. एका ठिकाणी माझा पेपर वाचून झाला, त्यातलं कोडं सुटलं, सुटलेलं कोडं मी पुन्हा तपासलं आणि शेवटी स्वतःच दार उघडून बाहेर आलो. मग कागदावर मी लिहितो, समाधानकारक नाही. लोकांना आधी वाटतं हा पैशासाठी अडवतोय. पैसे घेत नाही हे कळल्यावर ते जास्तच चिडतात, कारण मग माझं काय करायचं हेच त्यांना उमगत नाही.

तर या कंपनीच्या लिफ्टा मी सर्वांत जास्त वेळा नापास केल्या आहेत. म्हणूनच त्यांना मी हवा आहे, असं मालक म्हणाले. (बाहेर राहून नापास करणारा माणूस आत घेतलेला स्वस्त पडतो, हे ते म्हणाले नाहीत, पण मी काही काल जन्मलेलो नाही.) त्यांनी मला आपली नवी इमारत दाखवायला नेलं. काचा पुसणारी माणसंसुद्धा काचेसारखी स्वच्छ. लिफ्टमध्ये पाऊल टाकलं आणि सवयीने माझा हात घंटेवर गेला. आणि वहिनी, कुणीतरी आलं! घंटा थांबते न थांबते तोच बाहेरून आवाज आला, साहेब, घाबरू नका, मी आहे. दार उघडलं तर गणवेशातला एक माणूस पाण्याचा पेला घेऊन उभा. मला एकदम भरून आलं. मालकांना वाटलं मी गुदमरलो. त्यांनी घाईघाईने माझी कॉलर सैल केली. त्यांना काय सांगणार? मी त्याच मिनिटाला मनातल्या मनात राजीनामा लिहून, सही करून, साहेबांच्या टेबलावर ठेवूनसुद्धा मोकळा झालो होतो. निघताना त्या गणवेशवाल्याचे आभार मानायला गेलो, तर तो बिचारा म्हणाला, त्यात काय, आज एक साहेब घंटा दाबणार आहेत म्हणून मला सकाळपासून इथेच उभं केलंय, एरवी मी गाड्यांवर लक्ष ठेवायला असतो. तरी पाणी थंडगार होतं, हे मान्य केलं पाहिजे.

घरी या विषयावर उघड चर्चा होत नाही. तुमची जाऊ म्हणते, तुमची नोकरी, तुम्हीच ठरवा, आणि मग भांडी नेहमीपेक्षा जरा जोरात ठेवते. पातेलं आपटलं तर कंपनी आणि झाकण आपटलं तर सरकार, असा काही अर्थ लागतो का ते मी बघत होतो, पण ती दोन्ही आपटते. तुमच्या पुतणीला पुढचं शिकायला बाहेर जायचं आहे, आणि तिथली फी माझ्या सरकारी पगारात बसत नाही. ती हट्ट करत नाही. नुसतं त्या कॉलेजचं माहितीपुस्तक रोज माझ्या ताटाखाली ठेवते, ताट गरम असतं म्हणून. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हिरवळीवर बसून हसणारी मुलं आहेत. त्यांच्या तोंडावर आता माझ्या ताटाचे गोल डाग पडले आहेत.

इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं. मग आमच्या कचेरीने माझ्यासाठी निर्णय घेतला. मी कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं, पण कंपनीची गाडी मला कचेरीच्या दारात सोडायला आली आणि ती खालच्या चहावाल्याने बघितली. चहा चार मजले चढेपर्यंत थंड होतो, बातमी होत नाही. इकडे हेडक्लार्क या महिन्यात निवृत्त होत होते. निरोप समारंभाची वर्गणी जमवणं, घड्याळ आणणं, खुर्च्या मांडणं हे खातं वर्षानुवर्षं त्यांच्याचकडे. स्वतःच्या समारंभाची तयारीही तेच करत होते. माझी बातमी कळल्यावर त्यांनी विचार केला, की हा माणूस आपल्या मागून जाणार, त्याचं सगळं नीट कोण करेल? आताच आपल्याबरोबर उरकून टाकू, चहाही एकच होईल. हे त्यांनी निव्वळ प्रेमाने केलं, म्हणून मला त्यांच्यावर रागावताही येत नाही. मी त्यांच्या घड्याळाची वर्गणी भरून समारंभाला गेलो आणि हौसेने पहिल्या रांगेत बसलो. टेबलावर दोन घड्याळं आणि दोन गुच्छ होते. एक साहेबांसाठी असेल असं मला वाटलं. मग माझं नाव पुकारलं.

मी उठून सांगणारच होतो, की अहो, मी अजून राजीनामा दिलेला नाही, मला अजून ठरवायचंय. पण तेवढ्यात साहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला, आणि रडणाऱ्या वरिष्ठाला सगळ्यांदेखत खोटं पाडायचा धीर माझ्यात नाही. साहेबांनी भाषण केलं. मी बासरी फार गोड वाजवतो असं ते म्हणाले. (आमच्याकडे बासरी वाजवणारा होता, तो मागेच वारला.) नंतर त्यांनी बाकीच्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. वहिनी, कुणी उठेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले, कुणी छताकडे, कुणी बशीकडे. मी आपला गुच्छ धरून उभा. शेवटी टायपिस्ट बाई उठल्या आणि म्हणाल्या, की संध्याकाळी जाताना खिडक्या नेहमी हेच लावायचे. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं, टाळ्या पडल्या. मग जो जो उठला तो खिडक्यांवरच बोलला. माझ्यामुळे कागद कधी उडाले नाहीत, कबुतरं आत आली नाहीत, एका खिडकीची कडी बसत नाही तिला मी कशी घडी केलेली पुठ्ठ्याची चकती लावतो, वगैरे. लिफ्टविषयी कुणी चकार शब्द काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी अंधाऱ्या खड्ड्यांत वाकून दोर बघितले, घंटा दाबून उभा राहिलो, आणि माझ्या मागे उरल्या त्या खिडक्या. मग मी आभाराचं भाषण केलं. चांगलं झालं म्हणतात.

आमच्याकडची रीत अशी, की निरोप झाला की त्याच संध्याकाळी त्या माणसाची खुर्ची ज्येष्ठतेने पुढच्याकडे जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे चार जिने चढून दारात उभा राहिलो, तेव्हा शिपायाने मला बघून हातातली फाइल खाली टाकली. सगळ्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, काही राहिलं का असं प्रेमाने विचारलं. मी म्हटलं, मी राहिलो. ते हसले आणि कामाला लागले. तेव्हापासून मी भेटायला येणाऱ्या लोकांच्या बाकावर बसून काम करतो. मांडीवर फाइल, फाइलवर कागद. भेटायला आलेली माणसं मला विचारतात, तुमचा नंबर कितवा? साहेब मला टाळतात, कारण माझ्याशी बोलले तर आपण रडलो होतो ते वाया गेलं असं होईल. परवा संध्याकाळी मी सवयीने खिडक्या लावायला उठलो, तर माझ्या खुर्चीवरचा तरुण म्हणाला, राहू द्या, आता ते माझ्याकडे आहे. घड्याळ मी घरी आणलं. तुमच्या जावेने विचारलं, हे कशाबद्दल? मी म्हटलं, चांगल्या कामाबद्दल. तिने ते स्वयंपाकघरात लावलं आहे आणि भांडी आता त्याच्याखाली आपटतात.

तेव्हा, वहिनी, सल्ला हवा आहे. पेन्शनबद्दल बोलणारे मला पुष्कळ भेटतात, पण पलीकडच्या बाजूने ती बघितलेल्या एकट्या तुम्ही. दादा सरकारी छापखान्यातल्या नोकरीत असतानाच गेला आणि तेव्हापासून तुम्ही त्याच्या निम्म्या पेन्शनवर घर चालवताय. दरवर्षी तुम्हाला जाऊन, आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो, त्याला तुम्ही हसत असता. (मी तर रोज चार जिने चढून तोच दाखला देतो आणि कुणी मानत नाही.) तुमची पहिली पेन्शन आली त्या दिवशी मी तुमच्याकडेच होतो. मला वाटलं होतं तुम्हाला धीर येईल. तुम्ही पैशांकडे बघितलंसुद्धा नाहीत. एवढंच म्हणालात, त्यांना दुखण्याचं आधीपासून ठाऊक होतं, आणि मला, बायकोला, सांगत राहिले की अपचन आहे. तुमचा तो चेहरा मला हल्ली सारखा आठवतो. तरी विचारतो: पेन्शन घ्यावी की पगार? उलट टपाली कळवावं. गुडघ्यांना शेक देत जा, नळाला फडकं बांधा, आणि आमच्या सगळ्यांचा नमस्कार.

तुमचा दीर
(सध्या बाकावर)

ता. क. कंपनीची एक अट लिहायची राहिली. रुजू होण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडे तपासणी करून घ्यावी लागते. ऐन वेळी फजिती नको म्हणून मी आधी गुपचूप आपल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. नापास झालो. हृदयाचं आहे. समाधानकारक नाही असं त्यांनी लिहिलं नाही, पण चेहरा तोच होता. तो चेहरा मी आजवर इतक्या लोकांपुढे केला आहे की मला लगेच ओळखू आला. तेव्हा कंपनीचा प्रश्न मिटला आहे, आणि वरचं सगळं पत्र वाचलं नाहीत तरी चालेल. डॉक्टरांनी जिने चढायला सक्त मनाई केली. मी म्हटलं, कचेरी चौथ्या मजल्यावर आहे. ते म्हणाले, मग काय झालं, लिफ्ट असेलच की.

आणखी एक ता. क. खरं काम हे आहे. तुमच्या जावेला मी यातलं काही सांगितलेलं नाही. अपचन आहे असं सांगितलं आहे. रोज ठरवतो, रोज तोंडापर्यंत येतं, आणि मग मी तिला मीठ जास्त झालंय असं काहीतरी सांगतो. मला भीती वाटते, वहिनी. मरणाची वाटते, आणि तिच्या चेहऱ्याचीही वाटते. तुम्ही चार दिवस येऊन तिला सांगाल का? ते कसं सांगायला हवं होतं हे दादाला कळलं नाही, मला कळत नाही, ते फक्त तुम्हालाच ठाऊक आहे.

ताई, इथून पुढचं अक्षर माझं, तुमच्या जावेचं. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, तेही पाकीट न चिकटवता. हा माणूस घराला कुलूप लावून तीनदा ओढून बघतो, गॅस, नळ, खिडक्या सगळं बंद केल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकत नाही. त्याने पाकीट उघडं दिलं तेव्हाच मी समजायचं ते समजले, आणि वाचलं. अपचनाची गोळी कुणी जिभेखाली ठेवत नाही, एवढं मलाही कळतं. बाटली बुटात लपवतात, आणि बूट मीच पुसते. घड्याळाचं टायपिस्ट बाईंनी मला बाजारात सांगितलं, त्यांना बिचारीला वाटलं मी खूश असेन. मी विचारत नाही, कारण विचारलं तर काही नाही म्हणतील, आणि एकदा म्हटलं की मग ते सील त्यांना स्वतःलाही काढता येणार नाही. म्हणून भांडी आपटत वाट बघते. तुम्ही या, पण मला सांगायला नको. ते सांगतील, आज ना उद्या सांगतील, आणि मला पहिल्यांदाच ऐकते आहे असं दाखवायचं आहे. ते मला एकटीला जमायचं नाही, म्हणून या. पाकीट आता मी चिकटवते. मिळेल ती गाडी पकडा, ताई. ते आज सकाळीसुद्धा डबा घेऊन जिने चढायला गेले आहेत.